थांबण्याजोगं पाणी

बडोद्याला समुद्र नाही, असं आम्ही बडोदेकरच सांगत असतो. खरं तर जंबुसरच्या पलीकडे कावी-कंबोईला गाडीनं दोनेक तासांत पोचता येतं आणि तिथे खंभातचं आखात समोर पसरलेलं असतं. नाही ते बंदर. समुद्र हाताशी आहे, त्यावर थांबायची सोय नाही. ही अडचण गायकवाडांच्या राज्यालाही होती, त्याबद्दल पुढे लिहितेच. शिडाच्या बोटीतून किनाऱ्या-किनाऱ्यानं हिंडायला लागल्यापासून मला ती दुपारी तीन-चारच्या सुमारास रोज भेटते.

बोट माझी नाही, आतेभावाची. तो मुंबईत, बोटही मुंबईत. हिवाळ्यात तो तिला कोकणात घेऊन निघतो तेव्हा मी बडोद्याहून रात्रीची गाडी पकडते. ऐकणारे सगळे तेच ते विचारतात. वादळ आलं तर? उलट्या होत नाहीत? किनारा दिसेनासा झाल्यावर भीती नाही वाटत? नेमकं विचारलं ते एकट्या आत्यानं, दांडिया बाजारातल्या घरी मेथी निवडता निवडता : "अगं, ते सगळं ठीक, पण रात्री ती ठेवता कुठे?" दादा तिचाच मुलगा. त्यानं तोंड उघडायच्या आत तिचा पुढचा प्रश्न आला, "आणि तुम्ही झोपल्यावर ती जाते कुठे?"

दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. बोट थांबवली तरी ती थांबलेली नसते. वारा तिला ढकलतो, पाणी ओढतं, भरती उचलते, ओहोटी खाली ठेवते. गाडीला हँडब्रेक असतो तसं काही बोटीला नाही. तिला धरून ठेवणारं एकच, तळ. आणि तळ दिसत नाही.

युरोपात फिरणाऱ्यांना यातलं बरंचसं पैशानं टाळता येतं. मरीना असते, रेडिओवरून विचारलं की ते जागा सांगतात, दोन तरंगत्या फलाटांच्या मधे बोट सरकवायची, दोर बांधायचे, पाण्याची नळी आणि विजेची वायर जोडायची. फलाट भरतीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे दोर ढिले-घट्ट करायची कटकट नाही. भूमध्य समुद्रातल्या लहान बंदरांत तर समोर नांगर टाकून बोट उलटी धक्क्याला लावतात आणि फळी टाकून थेट हॉटेलात जेवायला उतरतात. आपल्याकडे अशा सोयीची पहिली मरीना म्हणजे कोचीची, बोळगट्टी राजवाड्याच्या आवारातली, २०१० ची. मुंबईत यॉट क्लब १८४६ पासून आहे, पण बोटी अजून गेटवेसमोर उघड्यावर, बॉयला, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेल्या डुलत असतात.

मग आपले धक्के? ते मच्छीमारांचे आहेत आणि त्यांनाच पुरत नाहीत. एकाला लागून दुसरा असे चार-चार ट्रॉलर उभे असतात. काँक्रीटच्या खांबांना कालवं चिकटलेली, त्यांच्या कडा इतक्या धारदार की दोर तासाभरात कापला जातो. शिवाय धक्का जागचा हलत नाही, पाणी हलतं. भरतीला आखूड बांधलेली बोट ओहोटीला दोरांवर लटकते. म्हणजे कोणीतरी रात्रभर जागं राहून दोर सोडत बसायचं. आम्ही धक्क्याला लागतो ते डिझेल आणि पाणी भरण्यापुरते. रात्र नांगरावर.

नांगराचं शास्त्र सांगायला सोपं आहे. बोट जागेवर राहते ती नांगराच्या वजनानं नाही. आमचा नांगर १६ किलोचा आणि बोट पाच टनांच्या वर, हिशेब कसा जमणार? नांगर आडवा ओढला गेला तरच तळात घुसतो आणि वर ओढला की सुटतो. म्हणून साखळी भरपूर सोडायची, इतकी की तिचा बराच भाग तळावर झोपून राहील आणि ओढ जमिनीलगत येईल. पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट साखळी, वारा वाढणार असेल तर सातपट. नुसता दोर असेल तर त्याहून जास्त. खोली मोजताना बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून जितकी उंच तेवढी उंचीही धरायची आणि रात्री किती पाणी चढणार तेही. हे शेवटचं विसरणारे पुष्कळ.

नांगराच्या आकारावर माणसांनी आयुष्यं घातली आहेत. जेफ्री टेलर हा केंब्रिजचा मोठा गणिती, वाहत्या द्रवांवरच्या कामासाठी ओळखला जाणारा. हौसेनं शिडाची बोट बाळगायचा. त्यानं १९३३ मध्ये फाळाच्या आकाराचा, दांड्याला सांध्यानं जोडलेला नांगर काढला, तो पुढे जगभरच्या छोट्या बोटींवर दिसू लागला. हल्ली त्याहून चांगले निघालेत, जे उताणे पडले तरी आपणहून वळून टोक खाली घालतात. पण कुठलाही नांगर घ्या, कातळावर तो निरुपयोगी. गवतावरही. गवताच्या मुळांत अडकतो आणि धरल्याचा भास होतो. स्पेनच्या बालेआरिक बेटांभोवती २०१८ पासून पोसिडोनियाच्या समुद्री कुरणांवर नांगर टाकायला बंदी आहे. ती गवत वाचवायला असली तरी झोपेचंही भलंच करते. चांगला तळ म्हणजे चिखल आणि वाळू. कोकणातल्या खाड्यांत चिखल उदंड, सकाळी साखळी वर घेताना तो धुवायला बादल्या पुरत नाहीत.

तळ कसला आहे हे नकाशावर छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं. चिखलाचं एक अक्षर, वाळूचं एक, शिंपल्यांचं, खडकाचं. पूर्वी शिशाच्या वजनाच्या बुडाशी खळगा करून त्यात चरबी भरायचे आणि दोरीनं ते खाली सोडायचे. वर घेतलं की चरबीला काय चिकटलंय ते बोटानं चोळून बघायचं. हे सागरी नकाशे निघतात कुठून, तर डेहराडूनहून. नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय हिमालयाच्या पायथ्याशी आहे. बडोद्यात बसून नांगरांवर लिहिताना मला या गोष्टीचा फार आधार वाटतो.

बोटीवर माझ्याकडे खातं भरती-ओहोटीचं. तक्ते आहेत, फोनवर ॲप आहे, पण आधी मी तिथी बघते. तिथीला पाऊणनं गुणायचं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबई-कोकणात भरती पूर्ण व्हायची वेळ साधारण निघते, मग तक्त्यात खात्री करायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगात पाणी थोडंच चढतं-उतरतं, ओढही कमी. दादा तिथी बघत नाही. त्याला आकडे लागतात. मला आधी आकार लागतो, आज पाणी मोठं आहे की लहान, मग आकडे.

विजयदुर्गची एक संध्याकाळ सांगते. वाघोटनच्या खाडीचं हे तोंड जुन्या काळापासून आसऱ्याचं. आंग्र्यांनी थोडं आत गिर्येला गोदी उभारली ती उगाच नाही. आम्ही किल्ल्याला वळसा घालून आत आलो तेव्हा ऊन कलतं होतं आणि वायव्येचा खारा वारा जोरात. किल्ल्याच्या आडोशाला पाणी अगदी निवांत होतं. नकाशावर खोली ठीक. दादानं नाळ वाऱ्यात घातली. मी पुढे नांगराची खिट्टी काढून बसले. तेवढ्यात एका होडीतून येणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलानं हात वर केला.

"थंय नको, खाली कातळ आसा. हयसर येवा."

तो दाखवत होता ती जागा किल्ल्यापासून लांब, बरीचशी उघडी, लाटांचा त्रास जास्त. दादाचा चेहरा पडला. तांडेल होडी न थांबवता एवढंच म्हणाला, "रातीक वारो फिरतलो," आणि गेला.

वारा फिरणार हे शाळेत शिकलोय आपण. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. भूगोलाच्या पेपरात दोन मार्क. पण बोटीला त्याचा अर्थ असा, की संध्याकाळी तिची नाळ वायव्येला असते आणि पहाटे तीनला पूर्वेला. साखळीच्या लांबीएवढं वर्तुळ नांगराभोवती काढलं, तर ती रात्रीत त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. संध्याकाळी जो कातळ साठ-सत्तर मीटर पलीकडे होता तो पहाटे पाठीशी येतो. जागा तीच, नांगर तिथेच, आणि तरी आपण कुठेतरी वेगळीकडेच.

तांडेलानं दाखवलं तिथे गेलो. ओहोटीला चार मीटर पाणी, त्यावर भरतीचे अडीच, नाळेची उंची एक. साडेसात. पाचपट धरून आम्ही चाळीस मीटर साखळी सोडली. नांगर टाकायचा म्हणजे धाडकन टाकायचा नाही. बोट पूर्ण थांबून मागे सरकायला लागली की सोडायचा, तळाला टेकला की बोटीला मागे जाऊ द्यायचं आणि साखळी तिच्या वेगानं अंथरत जायची. ढिगारा झाला तर साखळी नांगरातच गुंतते. मग इंजिन हळूहळू उलटं. या वेळी मी उजवा हात साखळीवर ठेवते. नांगर घासत येत असेल तर साखळी हातात कुरकुरते, थांबते, परत कुरकुरते. धरला की ती एकदम ताणली जाते, हाताखाली काहीच हलत नाही, आणि बोट हलकेच पुढे झुकते. पुढचं अर्ध मिनिट इंजिनचा जोर वाढवून बघायचं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या. त्या दिवशी मी बुरुजाचा कोपरा आणि त्यामागचा विजेचा खांब धरला होता. खांब बुरुजाआडून बाहेर आला नाही. मग काळा गोळा नाळेवर टांगला, अंधारल्यावर डोलकाठीच्या टोकाला पांढरा दिवा लावला. नांगरावर आहोत हे इतरांना कळावं म्हणून दोन्ही नियमाप्रमाणे लागतात. कोकणात ट्रॉलर पहाटे चारला काय वेगानं बाहेर पडतात ते पाहिलेला माणूस दिव्याचा आळस करत नाही.

रात्री वारा फिरला. आम्ही पण फिरलो.

आता नांगर टाकायच्या जागांची ॲप आली आहेत. नकाशावर टिंबं, टिंबाला तारे, कोणी लिहिलेलं असतं 'शांत, सुंदर, चिखलाचा तळ'. उपयोगी आहेत, नाही म्हणत नाही. पण पाच तारे देणाऱ्यानं तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहिली नसेल तर ते तारे मी वाचत नाही. तो जानेवारीतल्या अष्टमीला, पूर्वेचा वारा असताना तिथे झोपला असेल. मी पौर्णिमेला वायव्येच्या वाऱ्यात जाणार. आम्ही दोघं दोन वेगळ्या ठिकाणी चाललो आहोत. नकाशावर टिंब एक असलं म्हणून काय झालं! थांबायची जागा शोधायची म्हणजे जागा, तिथी, प्रहर आणि वारा हे चारही एकदम शोधायचं. तीन जुळले आणि एक हुकला तरी रात्र डेकवर बसून काढावी लागते.

आणि हे सगळं कोकणात, जिथे पाणी दोन-तीन मीटर चढतं. दक्षिणेला जावं तसं आणखी कमी होतं, कोचीला तर मीटरभरही नाही. उत्तरेला मात्र आमचं आखात. भावनगरला उधाणात दहा मीटरच्या वर पाणी चढतं-उतरतं. तीन मजली घर दिवसातून दोनदा बुडवायचं आणि दोनदा उघडं करायचं. तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं आखात, तळ उथळ, म्हणून आत शिरलेलं पाणी चढत जातं.

परवा वहीत सहज हिशेब मांडला. ओहोटीला चार मीटर, भरतीचे दहा, नाळेचा एक. पंधरा. पाचपट म्हणजे ७५ मीटर साखळी. आमच्याकडे साठ आहे, पुढे दोर. समजा सोडली. ओहोटीला तीच ७५ मीटर साखळी चार मीटर पाण्यात, बोट केवढ्या वर्तुळात फिरेल आणि त्या वर्तुळात वाळूचा एखादा दांडा उघडा पडलेला नसेल कशावरून? ओढ ताशी कित्येक सागरी मैलांच्या वेगाची आणि दर सहा तासांनी उलटी. ओढ उलटली की प्रत्येक वेळी नांगर एका बाजूनं उपटला जाऊन दुसऱ्या बाजूनं परत रुतायला हवा. वर नर्मदा, मही, साबरमती, तापी गाळ आणून टाकतात, दांडे जागा बदलतात, नकाशा जुना होतो. दहेज-घोघा फेरी आठवते ना? ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. दहेजला गाळामुळे पाणी पुरेना. शेवटी २०२० मध्ये घोघ्याची फेरी हजिऱ्याहून सुरू झाली. एवढ्या मोठ्या जहाजाला आणि ड्रेजरला जे दमवतं तिथे आमच्या १६ किलोची काय कथा. त्याच भरतीचा फायदा समोरच्या किनाऱ्यावर अलंगनं उचलला. मोडीत निघालेली जहाजं उधाणाच्या भरतीला पूर्ण वेगानं किनाऱ्यात घुसवायची, पाणी उतरलं की ती कोरडी. त्यांना परत निघायचं नसतं, म्हणून जमतं.

कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराला आमच्या गल्लीतले लोक दर्शनाला जातात, मी घड्याळ लावून पाणी बघायला जाते. ओहोटीला पिंडीजवळ जाता येतं, भरतीला सगळं पाण्याखाली. मधला काळ बघण्याजोगा. समोर नुसता चिखल, करडा, चकचकीत, त्यावर खेकड्यांच्या भोकांची रांगोळी. लांबून आवाज येतो, पाणी मात्र दिसत नाही. मग चिखलातल्या चरांतून ते आधी येतं, बोटभर, फेसाची बारीक कड घेऊन, चालत्या माणसाच्या वेगानं. भोकं एकामागोमाग एक बुडबुडा सोडून भरत जातात. तोवर पुजारी लोकांना मागे हाकलायला लागलेले असतात.

हा आवाज लिहून ठेवलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी-खलाशाचं टिपण आहे, 'पेरिप्लस' नावानं ओळखलं जाणारं. त्यात भडोचला, त्यांच्या बारिगाझाला, जहाज कसं न्यायचं याची माहिती आहे. तो म्हणतो, तोंडाशी दांडे, किनारा इतका सखल की नदीचं मुख सापडत नाही, आणि भरती येते तेव्हा दुरून सैन्याचा गलका ऐकू यावा तसा आवाज येतो. डाव्या हाताला थांबावं तर ओढ जबर आणि तळ खडकाळ, दोर कापले जातात. मग जहाजं आत जायची कशी? राजानं पदरी ठेवलेले तिथले मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे. ते जहाजाला दांड्यांमधून ओढत न्यायचे, भरती सुरू झाली की निघायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहांत नांगरून पडायचं, पुन्हा भरतीबरोबर पुढे. तो राजा बहुधा नहपान, ज्याच्या जावयाचे लेख नाशिकच्या लेण्यांत आहेत. लेण्यांपेक्षा मला त्याचं हे मच्छीमार पदरी ठेवणं जास्त शहाणपणाचं वाटतं. विजयदुर्गच्या तांडेलाला आमच्याकडून साधा चहाही मिळाला नाही.

आणि आता गायकवाड. राज्य श्रीमंत, पण तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. आखाताच्या काठानं मुलूख होता, दक्षिणेला नवसारी होतं, बिलिमोऱ्याला एके काळी छोटं आरमारही होतं. पण ही नद्यांच्या मुखांवरची बंदरं, भरतीच्या मर्जीवर चालणारी. मोठी जहाजं तिथे येऊन काय करणार? शेवटी तिसऱ्या सयाजीरावांच्या राज्यात बंदर झालं ते कुठे, तर ओख्याला. ओखामंडळ बडोद्याच्या ताब्यात होतं, द्वारकेपलीकडचं सौराष्ट्राचं टोक. १९२६ मध्ये ते बंदर सुरू झालं. राजधानीपासून रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या वर, मधे दुसऱ्यांची संस्थानं. ऐंशी किलोमीटरवरचा समुद्र सोडून एवढं लांब जायला काय कारण, असं मला लहानपणी वाटायचं आणि घरी कोणाला सांगता यायचं नाही. नकाशावर खोलीचे आकडे बघितले की प्रश्नच उरत नाही. ओख्याला पाणी आहे, बेट द्वारकेचा आडोसा आहे आणि भरती आखाताच्या मानानं माणसांत वावरणारी. महाराजांच्या इंजिनिअरांनी दुपारी चारला आम्ही करतो तोच हिशेब केला असणार, फक्त त्यांच्या हातात घाईची संध्याकाळ नव्हती.

द्वारकेच्या समुद्रात पाणबुड्यांना भोकं पाडलेले दगडी नांगर सापडले आहेत, कित्येक. काही त्रिकोणी, तीन भोकांचे. एका भोकातून दोर ओवायचा, खालच्या दोन भोकांत लाकडी खुंट्या घालायच्या म्हणजे तळात रुततील. ते तिथे राहिले त्या अर्थी दोर तुटले, किंवा कोणीतरी घाईत कापले. कातळात अडकलेला नांगर सोडून निघून जाण्याची वेळ कधी येते हे ज्याच्यावर ती आली आहे त्यालाच कळतं. आम्ही म्हणून नांगराच्या मागच्या टोकाला एक बारीक दोर बांधून त्याला तरंगता डबा लावतो. अडकला तर त्या बाजूनं उलटा उपसता येतो.

दादाच्या डोक्यात येत्या हिवाळ्यात ओखा आहे. मुंबईहून आखाताचं तोंड ओलांडून दीव, मग वेरावळ, पोरबंदर आणि ओखा. पहिलाच टप्पा एक अख्खा दिवस आणि रात्रीचा, मधे थांबायला काही नाही, आणि हिवाळ्यात वारा उत्तरेचा, म्हणजे जवळजवळ तोंडावर. वेरावळ ट्रॉलरांनी गच्च, तिथे बाहेर नांगरावर पडावं लागेल. ओख्यात बेटाच्या वाटेवर फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू उभा आहे. आमच्या डोलकाठीचं टोक पाण्यापासून पंधरा मीटर, तेव्हा आम्ही पुलाच्या अलीकडेच राहायचं ठरवलं आहे. परवानग्यांची कागदपत्रं दादा बघतोय. सरहद्दीजवळचा किनारा, बंदर कार्यालयापासून तटरक्षक दलापर्यंत सगळ्यांना आधी कळवायचं आहे.

माझ्याकडे तिथी. आखाताच्या तोंडाशी ओढ आडवी लागते, ती भांगात सर्वांत कमी, म्हणून अष्टमीच्या आसपास निघायचं हे नक्की. अष्टमी संक्रांतीच्या अलीकडची की पलीकडची, यावर मात्र आमचं जुळत नाही. दादाला मुंबईत राहून तीस वर्षं झाली, त्याला अलीकडची चालते. उत्तरायणाला गच्ची, उंधियुं आणि मांजा सोडून समुद्रावर जाणारा बडोदेकर असेलही कोणी. मी पलीकडची अष्टमी वहीत लिहून टाकली आहे.